नाद, छंद आणि भंगार

मराठीत ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक ध्वनी, दुसरा खूळ. ‘छंद’ या शब्दाचेही दोन: एक वृत्त, दुसरा आवड. ज्या भाषेने कानाला लागलेली गोष्ट आणि मनाला लागलेली गोष्ट एकाच शब्दात ठेवली, ती भाषा बोलणाऱ्यांना जुन्या ऑइल इंजिनाचा नाद लागलेला माणूस अगम्य वाटावा, याचे आम्हांस नवल वाटते. कोल्हापूरच्या मुलखात अशी माणसे आहेत. नदीकाठी गंजत पडलेले, गुऱ्हाळाच्या मागे पाचटाखाली पुरलेले, बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत अंधारात उभे असलेले इंजिन ती शोधून काढतात, घरी आणतात, खोलतात, आणि ते पुन्हा बोलते होईपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. एक सुरू झाले की दुसरे आणतात.

या माणसांबद्दल आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत त्यांना हसणाऱ्यांचे: ‘भंगार कशाला गोळा करता, किलोच्या भावाने घालून टाका.’ दुसरे मत अलीकडचे, आणि आमच्या मते पहिल्याहून घातक आहे. ते पूजणाऱ्यांचे आहे. त्यांना इंजिन हवे असते, पण ते तांबड्या-हिरव्या रंगात न्हालेले, चाकावर सोनेरी रेघ ओढलेले आणि दारात ठेवलेले. हसणारा वस्तू मोडीत काढतो. पूजणारा तिचे काम मोडीत काढतो आणि वस्तू ठेवतो. आमचे भांडण दोघांशीही आहे, परंतु पहिल्याशी थोडे आणि दुसऱ्याशी फार.

प्रथम मुलखाविषयी. गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम कडा. येथून करूळचा आणि भुईबावड्याचा घाट कोकणात उतरतो. महाराष्ट्रात जेथे पाऊस सर्वांत अधिक पडतो अशा मोजक्या ठिकाणांत याची गणना होते. चार महिने भिंतीला ओल असते, कपड्याला वास असतो आणि लोखंडाला गंज असतो. अशा हवेत उघड्यावर टाकलेले यंत्र दोन पावसाळ्यांत जाम होते आणि दहा पावसाळ्यांत मातीचा रंग घेते. जुन्या इंजिनाच्या नादाची परीक्षा घ्यायची तर याहून कठोर परीक्षक मिळायचा नाही. कोरड्या हवेत इंजिन सांभाळणे ही हौस होऊ शकते. येथे ती रोजची झटापट असते.

इंजिन या मुलखात आले ते पाणी उचलण्यासाठी, भात भरडण्यासाठी, दळणासाठी आणि उसाचा चरक फिरवण्यासाठी. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो मराठी माणसाला पाठ असायला हवा होता. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धापूर्वीच डिझेल इंजिने बनू लागली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली; १९४६ साली शंतनुरावांच्या पुढाकाराने पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. तिचे ‘एव्ही वन’ नावाचे उभे, एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे इंजिन ज्याने पाहिले नाही असा त्या पिढीचा शेतकरी विरळा. आणि कोल्हापुरात उद्यमनगरच्या ओतशाळांत व लेथांवर इंजिने व त्यांचे सुटे भाग तयार होऊ लागले. नमुना समोर ठेवायचा, साचा करायचा, ओतायचे, कातायचे, बसवून पाहायचे. ही या गावची विद्या होती.

ही विद्या आमच्या साहित्यिक मंडळींना अपरिचित आहे असे म्हणावे, तर बाबूराव पेंटर आड येतात. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी जुना प्रोजेक्टर आणला, त्याची रचना समजून घेतली आणि सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ साली वारले. पुढे दामल्यांच्या साह्याने बाबूरावांनी कॅमेरा १९१८ साली पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आमचे समीक्षक ‘सैरंध्री’बद्दल लिहितात, पडद्यांच्या रंगकामाबद्दल लिहितात, पण कानस आणि लेथ यांच्यापाशी आले की त्यांची लेखणी अडखळते. कलाकृती ही संस्कृती आणि तिला जन्म देणारे यंत्र हे मात्र सामान, अशी ही वाटणी आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला, त्याचा अर्थ उस्ताद, गुरू. आम्ही शब्द घेतला आणि अर्थ खाली उतरवला.

आता हा नाद लागतो कसा, ते सांगू. तो कोणी ठरवून लावून घेत नाही. बहुधा पहिले इंजिन घरचेच असते. वीज आली, नदीवर मोटर बसली, आजोबांचे इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. नातवाच्या मनात येते, चालू होते का पाहू. हँडल फिरत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून बसला आहे. मग वरून डिझेल किंवा रॉकेल ओतून आठ-आठ दिवस वाट पाहायची, लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोकायचे, पुन्हा ओतायचे. एके दिवशी चाक केसभर हलते. येथेच माणूस फसला म्हणून समजावे. पुढचे सारे त्या केसभर हालचालीचे व्याज आहे.

मग हेड उतरते, व्हॉल्व्ह घासले जातात, रिंगा तुटलेल्या निघतात, नोझल तुंबलेले असते. नोझल मिळत नाही म्हणून तसल्याच जातीचे दुसरे मोडके इंजिन आणले जाते, केवळ सुट्या भागांसाठी. ते घरी आल्यावर लक्षात येते की याचा तर लायनर पहिल्याहून चांगला आहे, आणि एवढे चांगले इंजिन मोडणे हे पाप आहे. आता दोन इंजिने झाली आणि नोझल अद्याप एकच. तिसऱ्या इंजिनाचा शोध सुरू होतो. संग्रह म्हणतात तो असा वाढतो: हावेने कमी, अडचणीने अधिक.

आणि शेवटी तो क्षण येतो. डिकॉम्प्रेशनची कळ उचलायची, हँडलने चाक सावकाश फिरवायचे आणि कान द्यायचा. नोझल नीट फवारत असेल तर आतून एक बारीक ‘किर्र’ ऐकू येते. जाणता मिस्त्री या आवाजावरून सांगतो की इंजिन आज उठेल की नाही. मग चाकाला वेग द्यायचा, कळ सोडायची. एक ठोका. दुसरा चुकतो. तिसरा लागतो. धुराची काळी गुंडाळी निघते आणि ठोके आपल्या अंतराने पडू लागतात. भार आला की गव्हर्नर इंधन वाढवतो, भार गेला की आवरतो, आणि कानाला तो फरक लयीतल्या बदलासारखा कळतो. ज्यांना वृत्तांची गोडी आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘छंद’ शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात ते हे असे.

हा नाद केवळ आमच्या मुलखाचा नव्हे. इंग्लंडात डर्स्ली येथे लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास आपले ‘सीएस’ जातीचे संथ इंजिन बाजारात आणले: सहा अश्वशक्ती, मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन्ही बाजूंना जड चाके. तिकडे त्याचे उत्पादन थांबले, पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या प्रतिकृती घडवणे चालू ठेवले. शतकाच्या वळणावर अमेरिकेतील हौशी लोक हीच राजकोटी इंजिने मागवू लागले. क्रँककेसमध्ये ओतकामाची वाळू राहिलेली असायची, म्हणून नवे कोरे इंजिन आल्याबरोबर पूर्ण खोलून, धुऊन, पुन्हा जोडायचे असा त्या मंडळींचा शिरस्ताच पडला. पुढे प्रदूषणाच्या नियमांनी ती आयात आटली. पण आपण ज्याला मागासलेले म्हणून नदीकाठी टाकले, त्याच्यासाठी कोणी समुद्रापलीकडे रात्री जागवत होते, ही गोष्ट उरतेच.

त्याच देशांत जुन्या चेनसॉ, म्हणजे यंत्रकरवती, जमवणाऱ्यांचाही मोठा पंथ आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या, एका माणसाला जेमतेम उचलतील अशा करवती ते खोलतात, कार्ब्युरेटर धुतात, आणि पहिल्या झटक्यात सुरू झाली की शेजाऱ्याला बोलावून दाखवतात. ओरेगॉनचा जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे न्याहाळत बसला आणि त्यावरून त्याने करवतीच्या साखळीचे नवे दात योजले, ही कथा त्या पंथात पुराणासारखी सांगितली जाते. अळी डावीकडे-उजवीकडे कातरत जाते. साखळीचेही दात तसेच बसवले गेले.

गगनबावड्यात बसून ही कथा ऐकताना मात्र मन कचरते. येथे चेनसॉ अजून संग्रहात गेलेली नाही. ती कामावर आहे. सह्याद्रीच्या उतारावर तिचा आवाज आला की तो नाद नसतो, ती बातमी असते. यावरून सरळ प्रश्न उभा राहतो: ज्या यंत्राने नुकसान केले त्याच्यावर जीव लावावा काय? ऑइल इंजिनही निरपराध नाही. नदीचे पाणी उसाकडे ओढून नेण्याची सुरुवात त्यानेच केली. मोटरने पुढे ते काम वाढवले एवढेच. आमचे उत्तर असे की, यंत्राचे गुणदोष सर्वांत नीट ठाऊक असतात ते ते खोलणाऱ्यालाच. ते किती तेल पिते, किती धूर ओकते, किती पाणी उपसते हे त्याला मोजून माहीत असते. आंधळे प्रेम दारात ठेवलेल्या इंजिनावर करता येते. खोललेल्या इंजिनावर ते करता येत नाही.

येथून आम्ही पूजणाऱ्यांकडे वळतो. हमरस्त्यावरच्या हॉटेलांच्या दारात पूर्वी बैलगाडीचे चाक असे, मग जाते आले, मग पितळी घंगाळ आले, आणि आता इंजिन येऊ लागले आहे. पिस्टन जाम, नोझल गायब, पण रंग ताजा. मराठी समीक्षेत या वृत्तीला ‘स्मरणरंजन’ हा अचूक शब्द आहे. स्मरणरंजनाला भूतकाळ हवा असतो, पण त्यातले काम नको असते. त्याला गुऱ्हाळ हवे, पण रात्री अडीच वाजता पट्टा तुटल्यावर चिखलात गुडघे टेकून तो जोडणारा गडी नको. त्याला चुलीवरची भाकरी हवी, पण धुराने डोळे गेलेली आजी नको.

हे केवळ हौशी मंडळींचे पाप नव्हे. कायद्याची नजरही अशीच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नियम सांगतो की अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येईल; नित्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. जुन्याने जगावे, पण काम करू नये! शहरातल्या गर्दीचा आणि धुराचा विचार करता या नियमाला कारण आहे, हे आम्ही जाणतो. परंतु हीच नजर शेतातल्या इंजिनाकडे वळली तर त्यातून फक्त बाहुल्या उरतील.

याला पर्याय काय, हे सांगण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते. एकनाथांनी ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवून फुले वाहिली नाहीत, आणि नवा लिहून जुना मोडीतही काढला नाही. त्यांनी तो खोलला, बिघडलेला पाठ शोधला, मूळ जागी बसवला, आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. उत्तम दुरुस्तीची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. जुने पुन्हा चालते करणे आणि त्यात आपला शेर न घालणे. जो मिस्त्री लायनर बदलतो पण इंजिनावरची जुनी नावपट्टी घासून टाकत नाही, तो त्याच परंपरेतला आहे. आणि जो आत हात न घालता वरून सोनेरी रेघ ओढतो, तो ओवी घालणारा आहे.

दुसरा दाखला थेट गगनबावड्याचाच आहे. ही पंत अमात्य बावडेकरांची जहागीर. या घराण्याचे थोर पुरुष रामचंद्रपंत अमात्य. ‘आज्ञापत्र’ त्यांच्या नावे ओळखले जाते. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. पण पुढची अट आम्हांस अधिक मोलाची वाटते. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरीही ते न्यायचे तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे; जबरदस्ती करू नये.

जीर्ण वस्तूलाही धनी असतो, हा विचार तीनशे वर्षांपूर्वी या भूमीच्या कारभाऱ्याला सुचला, आणि आजच्या संग्राहकाला सुचत नाही. तो पाहुणा म्हणून गावात येतो, गोठ्यातले इंजिन पाहतो, ‘काय, भंगारच ना’ म्हणतो, किलोवर तोलून नेतो, आणि शहरात नेऊन कैक पटींनी विकतो किंवा मिरवतो. विकणाऱ्या म्हातारीला हे कोणी विचारत नाही की हे केव्हा घेतले, कशावर कर्ज काढले, कोण चालवत असे, कोणाचे बोट पट्ट्यात गेले. इंजिन गाव सोडते आणि त्याची हकीकत गावातच मरते. अशा संग्रहाला आम्ही संग्रह म्हणत नाही. ती उचल आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप धुराचा. डिझेल महाग, धूर विषारी, मग या आवाजाचे कौतुक का? तर नदीकाठ पुन्हा इंजिनांनी दणाणावा असे आमचे म्हणणे नाही. सौर पंप आले, ते चांगले झाले. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आहे. राज्याने २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आणली. उन्हावर पाणी चढत असेल तर तेल जाळण्यात शहाणपण नाही. परंतु प्रश्न इंधनाचा नाही, उघडता येण्याचा आहे. जुन्या इंजिनातला प्रत्येक भाग पान्याने सुटतो, डोळ्यांना दिसतो आणि गावातल्या माणसाला समजतो. नव्या पंपाचा कंट्रोलर ही बंद पेटी आहे. ती बिघडली की शेतकरी मिस्त्रीकडे जात नाही, मोबाइलवर तक्रार नोंदवतो आणि वाट पाहतो. पीक मात्र वाट पाहत नाही.

दुरुस्तीचा हक्क हा विषय म्हणूनच पुढे आला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात करायची ठरवली, त्यांत शेतीची अवजारे होती. पण हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरणारे हात कोठून आणणार? जो मुलगा गोठ्यातल्या इंजिनापाशी आठ दिवस बसतो, तो खेळत नसतो. बिघाडाला कारण असते, ते शोधता येते, आणि शोधणारा आपणच असू शकतो, ही गोष्ट तो हातांनी शिकत असतो. ज्याला हसून तुम्ही भंगाराचा नाद म्हणता, ती या हक्काची तालीम आहे.

दुसरा आक्षेप उपयुक्ततावाद्यांचा: एवढा वेळ आणि पैसा घालून काय मिळवले? हा प्रश्न कविता करणाऱ्याला विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मिस्त्रीला मात्र तो लगेच विचारला जातो. तरीही उत्तर आहे. २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या काठच्या गावांतली वीज दिवसेंदिवस बंद होती. अशा वेळी तारेवर विसंबलेले प्रत्येक यंत्र मुके होते. हँडलने सुरू होणारे, तारेशी संबंध नसलेले एखादे यंत्र गावात चालू स्थितीत असणे आणि ते चालवता येणारा माणूस असणे, याची किंमत त्या दिवसांत कोणालाही समजावी लागत नाही.

तेव्हा ज्यांना हा नाद लागला आहे, त्यांच्यापाशी आमचे मागणे चारच गोष्टींचे आहे. इंजिन घ्याल तर धन्याला राजी करून, भंगाराच्या भावाहून अधिक देऊन घ्या. त्याची हकीकत त्याच दिवशी, त्याच उंबऱ्यावर बसून लिहून घ्या. घेतलेले इंजिन वर्षातून निदान एकदा, पावसाळा सरल्यावर, भारासह चालवा. जे चालवणे जमणार नाही ते दुसऱ्याला द्या. आणि ज्या मिस्त्रीने ते उठवले त्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, इंजिनावर कोरा. कारखानदाराचे नाव तेथे आधीच आहे.

आणि आम्हां लिहिणाऱ्यांपाशी एक मागणे. आटे पाडणे, व्हॉल्व्ह घासणे, पट्टा चढवणे, चाक धरणे, इंजिन गुदमरणे या साऱ्या क्रियापदांचा मराठीत एक जिवंत साठा आहे आणि तो वृद्ध मिस्त्र्यांच्या तोंडी आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारांचा जमाखर्च मांडला. पुढच्या शतकात गावगाड्याला इंजिन जोडले गेले, त्याचा जमाखर्च मांडायचा राहिला आहे. तो मांडणारा ग्रंथ टेबलाशी बसून लिहिता येणार नाही. त्यासाठी कोणाच्या तरी गोठ्यात, तेलकट गोणपाटावर बसून, नोझलची किर्र ऐकावी लागेल. ऐकणाऱ्याला नाद लागेल, हा धोका आहेच. तो पत्करण्याजोगा आहे.